धाकटीचा रोजचा नेम

दचकू नका, मित्रांनो. नावाने मी बंदूक आहे खरी, पण माझ्यामुळे आजवर कुणाच्या अंगातून रक्ताचा थेंब आलेला नाही. माझ्या पोटात असतात रंगाच्या गोळ्या. बोराएवढ्या, पातळ कवचाच्या, जिथे आपटतील तिथे फुटणाऱ्या. डाग धुतला की जातो, फार तर त्या जागी थोडे दिवस निळसर वळ राहतो आणि ज्याला लागली तो डावातून बाद होतो. पेंटबॉल नावाच्या खेळातली मी एक जुनी, दस्ता झिजलेली बंदूक.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझी नळी कातली, घासली, आतून आरशासारखी गुळगुळीत केली. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. प्रत्येक नळी दिव्याकडे धरून ती आरपार बघायची, हलकेच फुंकर घालायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि मगच खोक्यात ठेवायची. ती काय म्हणायची ते मला कधी कळलं नाही. पण आपण कुणाच्या तरी सदिच्छेनिशी जगात आलो, एवढं मात्र मनात राहिलं.

खोकं उघडलं ते एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत. तिथे खेळाचं मैदान केलं होतं. उभी-आडवी पिंपं, टायरांचे ढीग, फळ्यांच्या भिंती आणि एका कडेला पत्र्याची शेड. शेडवाल्या काकू खेळणाऱ्यांना बंदुका, मास्क आणि हवेच्या टाक्या द्यायच्या. काकू बोलायला फटकळ, पण नियमाला पक्क्या. "मास्क काढलास की बाहेर! डोळा काय दुकानात मिळतो होय?" असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. डाव संपला की प्रत्येक बंदुकीच्या तोंडावर कापडी टोपी चढवल्याशिवाय त्या हात पुढे करायच्या नाहीत.

नवी होते तेव्हा माझा काय तोरा होता! "ती चकचकीत द्या, ती सरळ मारते," असं म्हणत लोक माझ्यासाठी थांबायचे. मीही मनातल्या मनात फुगायची. पण खेळणाऱ्यांना घाई असते, मित्रांनो. एकदा एक गोळी माझ्या नळीतच फुटली. कुणी पुसलं नाही. पुढच्या डावात अजून एक फुटली. रंग आतल्या भिंतीला चिकटला आणि वाळला. मग प्रत्येक गोळी त्या खपल्यांना घासून निघायची, अंगात फिरकी घ्यायची आणि भलतीकडे जायची. नळीच्या आत डोकावून बघायला कुणालाही फुरसत नव्हती. शेवटी काकूंनी खडूने माझ्या दस्त्यावर लिहिलं, 'वाकडी', आणि मला फाटक्या मास्कांच्या पेटीत टाकलं.

त्या पेटीतूनच मी धाकटीला पहिल्यांदा ऐकलं.

धाकटी म्हणजे पुस्तकं बांधणारी मुलगी. त्यांचा बाइंडिंगखाना होता, खाली काम आणि वर घर. घरात ती, तिचा मोठा भाऊ आणि त्यांची आत्या. भाऊ सगळ्यांचाच दादा, शिवाय संघाचा कप्तानही. बाइंडिंगखाना आणि शेजारचा छापखाना मिळून त्यांचा एक संघ होता, आणि दरवर्षी त्यांचा सामना बेकरीवाल्यांशी व्हायचा. मागच्या सामन्यात काय झालं, ते शेडमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होतं. दादा बेकरीवाल्यांच्या बाजूला रोवलेलं निशाण पळवायला धावत सुटला होता, मागून धाकटीने बेकरीवाल्यावर गोळी झाडली, आणि ती बसली दादाच्या पाठीत. बरोबर मधोमध. कप्तान बाद, सामना गेला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'घरभेदी'.

"यंदा तू पाणी आणि मास्क सांभाळ," दादा म्हणत होता. "तुझ्या जागी छापखान्यातला मशिनवाला खेळेल."

"एक चूक झाली रे दादा."

"एक?" छापखान्यातला एक जण मध्येच बोलला. त्याचे हात कायम शाईने काळे, म्हणून त्याला सगळे शाईच म्हणत. "आम्ही पाठीत खंजीर ऐकला होता बाई. रंग पहिल्यांदाच बघितला!"

सगळे हसले. दादाही हसला. पण हसू ओसरल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "थट्टा जाऊ दे. मला पुढे पळायचं असतं गं. मागे तू आहेस म्हटलं की पाय धजत नाहीत. काय करू, सांग."

 सगळे गेल्यावर धाकटी काकूंपाशी येऊन उभी राहिली. "काकू, खेळायला घेतलं नाही त्याचं काही नाही. पण आता घरातसुद्धा तसंच झालंय. शिडीवर चढायचं असलं की दादा शाईला हाक मारतो, शिडी धर म्हणून. मी शेजारी उभी असते."

"मग नेम सुधार. रडून काय होणार?"

"त्यासाठीच आलेय. सरावाला एखादी बंदूक द्या ना. जुनी असली तरी चालेल."

काकूंनी पेटीत हात घालून मला वर काढलं. "ही ने. मोडीतच जायची आहे. वाकडीला वाकडी!"

धाकटीने माझी नळी फिरवून सुटी केली आणि छपराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे धरली. दिवसभर पुठ्ठ्यांच्या कडा नजरेनेच सरळ लावणारी ती. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली.

"काकू, ही सरळ आहे."

"इथे माझे केस पिकले, मला शिकवतेस?"

"आत बघा तरी."

काकूंनी चष्मा चढवला. बघितलं. "अगं बाई! हे तर गटार झालंय."

त्या संध्याकाळी धाकटीने कोमट पाण्यात माझी नळी भिजवली. दोरीला मऊ फडकं बांधून ते पुन्हा पुन्हा आतून ओढलं. वाळलेला रंग खपलीखपलीने सुटत होता. किती काळाने माझ्या आत उजेड आला, मित्रांनो! दस्त्यावरचा खडूही तिने ओल्या बोटाने पुसून टाकला.

बाइंडिंगखान्याच्या मागे भिंतीने बंद केलेलं अंगण होतं. तिथे तिने रद्दी पुठ्ठे उभे केले, त्यांवर कोळशाने एक गोल काढला आणि सराव सुरू केला. सराव कसला, नुसता भडिमार! आठवडाभर कामात बुडालेली असायची आणि रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत ढीगभर गोळ्या फोडायची. पहिल्या काही बऱ्या जायच्या. मग हात भरून यायचा, कोपर अंगापासून सुटायचं, चाप दाबण्याऐवजी हिसडला जायचा. गोळी निघते न निघते तोच, लागली का ते बघायला तिची मान वर व्हायची, आणि मान हलली की मीही हलायची. संध्याकाळी भिंत रंगलेली आणि गोल कोराच्या कोरा. मी आता स्वच्छ होते, सरळ होते. तरी गोळ्या चुकत होत्या. आता वाकडी म्हणायला मीही उरले नव्हते, आणि हेच तिला फार लागलं.

अशाच एका रविवारी ती मला मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसली. मास्क काढून ठेवला होता, डोळे सुजले होते. आतल्या खोलीत आत्या बसली होती. आत्याचं आयुष्य नेमाचं. रोज पहाटे उठायचं, दिवा लावायचा, माळ घेऊन स्वस्थ बसायचं. ताप असो, पाहुणे असोत, तिचं बसणं कधी चुकलं नाही. मात्र आपण काय करतो हे ती कधी कुणाला सांगायची नाही. दारातून तिला धाकटीची फक्त पाठ दिसत होती. मी दिसत नव्हते.

"आत्या, माझा नेम चुकतो गं. दर वेळी चुकतो."

आत्याच्या हातातली माळ थांबली. "तू नेम धरलास? कधीपासून? आणि मला बोललीसुद्धा नाहीस!"

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? जमतच नाही."

"अगं, सुरुवातीला कुणाला जमतं? रडू नकोस आधी. कधी करतेस?"

"रविवारी. सकाळपासून दुपारपर्यंत."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस वेळ कुठे मिळतो?"

"म्हणजे आठवडाभर लेकराला उपाशी ठेवायचं आणि रविवारी घास कोंबायचे!" आत्या हळू आवाजात, पण कळवळून म्हणाली. "असा नेम असतो होय? थोडाच धर, बाळा. जड होणार नाही एवढा. पण रोज. तीच जागा, तीच वेळ."

धाकटीने नाक पुसलं. आत्याला नेमबाजीतलं हे कसं कळतं, असा प्रश्न तिला पडला नसावा. आत्याला सगळंच कळतं, अशी तिची लहानपणापासूनची समजूत. "पण घाई होते ना. एक चुकला की वाटतं, पटकन दुसरा, पटकन तिसरा."

"होते. माझीही व्हायची. लक्ष पुढच्या मण्यावर गेलं की हातातला मणी तसाच निसटतो. ज्याच्यावर बोट आहे तेवढाच एक मणी. आणि श्वास सोडून मगच पुढे. श्वास सोडला की मन खाली बसतं."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर चुकला. मान वर करकरून बघायचं नाही कुठे चुकला ते. पुढचा धरायचा."

धाकटी एकदम ताठ बसली. जणू आत्याने भिंतीपलीकडून दर रविवारी तिची मानच बघितली होती!

"बरं, बसतेस कुणासमोर?" आत्याने विचारलं.

"बसत नाही, उभीच असते. पुठ्ठ्यासमोर."

"पुठ्ठ्यावर कोण आहे?"

"कोणी नाही. नुसता गोल काढलाय."

आत्याने एक मणी पुढे ओढला. मग अगदी समजुतीने म्हणाली, "असू दे. निराकार तर निराकार."

दुसऱ्या दिवसापासून सगळं पालटलं. सकाळी कामाला हात लावण्याआधी धाकटी अंगणात यायची. जमिनीवर पाय ठेवण्याच्या दोन खुणा केल्या होत्या, त्यांवरच उभी राहायची. आधी कोरा सराव, म्हणजे माझ्यात ना हवा, ना गोळी. माझ्या नळीवर ती बांधणीच्या दोऱ्याचं रिकामं रीळ उभं करायची, श्वास सोडायची आणि रीळ पडणार नाही इतक्या हळू चाप दाबायची. सुरुवातीला रीळ पडायचं, गडगडत पिंपाखाली जायचं. ती वाकून उचलायची, पुन्हा ठेवायची. चिडायची नाही. रीळ स्थिर राहिलं की मग मास्क, हवेची टाकी आणि मूठभर गोळ्या. मूठ संपली की सराव संपला. कितीही मोह झाला तरी जास्त नाही. शेवटी दोरीचं फडकं माझ्या नळीतून आरपार, आणि मग ती कामाला.

गोळ्या लगेच सुधारल्या असं समजू नका. कित्येक दिवस काहीच दिसलं नाही. मग एके सकाळी माझ्या लक्षात आलं, की चुकलेल्या गोळ्या आता एकाच बाजूला चुकतायत. सगळ्या गोलाच्या खाली, एकमेकींना चिकटून. धाकटीच्याही ते लक्षात आलं. विखुरलेली चूक कळत नाही, मित्रांनो. एका जागी आलेली चूक मात्र स्वतःच सांगते काय करायचं ते. लांब जाताना गोळी जराशी खाली उतरते. तिने मला केसभर उचललं, आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावरचा गोल पहिल्यांदा केशरी झाला.

एवढ्यात एकदा आत्या अंगणात आली. भाचीचा नेम कसा चाललाय ते डोळे भरून बघावं म्हणून आली असणार. समोर बघते तर तोंडावर मास्क, हातात मी आणि फट्कन फुटलेला रंग!

"अगं बाई! हा नेम होय?"

धाकटीने मला खाली धरलं, टोपी चढवली, मास्क काढला. "मग तुला कुठला वाटला?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी धाकटीला हसू फुटलं, मग आत्याला. आत्या पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "आणि मी म्हटलं, पोर निराकाराला लागली!" मग डोळे पुसून ती म्हणाली, "पण सांगितलेलं मी मागे घेत नाही हो. रोजचा आहे ना? मोडू नकोस."

त्यानंतर आत्याचं बसणं आटोपलं की ती अंगणाच्या दारात येऊन उभी राहायची. बोलायची नाही. नुसती असायची.

सामना जवळ आला तेव्हा दादा रद्दी विकायला पुठ्ठे बांधत होता. एका पुठ्ठ्यापाशी त्याचा हात थांबला. गोलाच्या मधोमध रंगाचा एकच जाड थर, आजूबाजूला एखादाच थेंब. त्याने दुसरा उचलला, तिसरा उचलला.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या घरभेदीने," शिडीवरून शाई म्हणाला. त्यालाही हे नवीनच होतं, पण चेहरा असा, की जणू शिकवलं त्यानेच.

दादा धाकटीकडे गेला. "खेळ तू यंदा," एवढंच म्हणाला. मग जरा थांबून, "पण मागे राहा. आणि पुढे आपल्यातलं कुणी असलं तर चाप दाबायचा नाही. पुठ्ठा हलत नाही. माणूस हलतो." तिने मान डोलावली. दादाचं खोटं नव्हतं, आणि तेच तिला बोचत होतं.

सामन्याच्या दिवशी ती मलाच घेऊन आली. काकूंनी नवी बंदूक पुढे केली, तर म्हणाली, "हिची सवय आहे." माझ्यासारख्या मोडीत काढलेलीला याहून मोठं बक्षीस कोणतं, सांगा?

डाव लांबला. आमचे एकेक बाद झाले, बेकरीचेही झाले. शाई तर आपल्याच टायरात पाय अडकून पडला आणि पडल्या पडल्या रंगला. शेवटी आमच्याकडून उरले दादा आणि धाकटी, आणि बेकरीकडून एकच. भट्टीवर काम करणारा, दाराएवढा आडवा माणूस, त्याला सगळे भट्टीच म्हणत. दादा एका पिंपाआड गुडघ्यावर बसला होता. त्याच्या गोळ्या संपल्या होत्या. समोर फळीच्या भिंतीआडून भट्टी त्याच्यावर डोळा ठेवून होता. दादा कुठल्याही बाजूने बाहेर आला की त्याला टिपायचा, एवढंच त्याचं काम. दादाच्या मागे, काही पावलांवर, टायरांच्या ढिगाआड धाकटी. भट्टीला ती दिसत नव्हती. तिला मात्र त्याचा खांदा दिसत होता. फळीबाहेर आलेला तेवढा खांदा, आणि तिच्या आणि खांद्याच्या मध्ये दादा.

"धाकटे," मान न वळवता दादा हळूच म्हणाला, "दिसतोय का तो?"

"दिसतोय. पण तू मध्ये आहेस."

"किती मध्ये?"

"कानाएवढा."

"मग मी इकडे सरकतो."

"नको! सरकलास तर तो मारेल तुला." धाकटीचा आवाज चिरकला, मग स्थिर झाला. "आहेस तसाच राहा. मान हलवू नकोस."

 दादाच्या पाठीचा प्रत्येक स्नायू आवळलेला मला दिसत होता. उजवीकडे उडी मारून बाद होणं त्याच्या हातात होतं, आणि तेही शूरपणाचं दिसलं असतं. कुणी नावं ठेवली नसती. मग त्याने आपली रिकामी बंदूक जमिनीवर ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तो तसाच बसून राहिला.

"मार," तो म्हणाला.

धाकटीचं कोपर अंगाला टेकलं. मी तिच्या खांद्यात नीट बसले. दोन्ही डोळे उघडे. छातीतला श्वास हळूहळू बाहेर गेला, आणि सगळा गलबला गेला की घर जसं शांत होतं तशी ती झाली. चाप दाबला गेला तो मलाही कळला नाही. गोळी दादाच्या कानाजवळून गेली. त्याच्या मास्कची पट्टी तिच्या वाऱ्याने थरथरली. पलीकडे भट्टीच्या खांद्यावर केशरी फूल उमटलं.

धाकटीची मान हललीही नव्हती.

"लागली रे बाबा, लागली!" म्हणत भट्टीने हात वर केला. आमची मंडळी आरडाओरडा करत आत धावली. काकू मागून ओरडत होत्या, "मास्क! आधी मास्क ठेवा तोंडावर, मग नाचा!" दादा मात्र अजून पिंपाआडच बसलेला. धाकटीने मला टोपी चढवली, ती त्याच्यापाशी गेली आणि शेजारी टेकली.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

"मग हलला का नाहीस?"

"तू नको म्हणालीस म्हणून."

मित्रांनो, आता माझ्या आतली रबरं सुकली आहेत आणि टाकीतली हवा माझ्यात टिकत नाही. खेळून झालं की आम्हाला पुसून ठेवा, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या, एवढंच आमचं मागणं. आणि तुमच्या घरात कुणाचा हात चुकला असेल, तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्याला रोजची थोडी सवड द्या, थोडी निवांत जागा द्या. मग एखाद्या दिवशी तो "हलू नकोस" म्हणाला, तर भीती वाटली तरी बसून राहा.